सहीच्या आधी समजावून सांगा : बेळगाव जिल्ह्याचे प्रशासन आणि दवाखाने यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि बेळगाव जिल्ह्यातील सरकारी व खासगी दवाखान्यांचे व्यवस्थापक व डॉक्टर मंडळी,

सादर नमस्कार.

आपल्या जिल्ह्यात रोज कितीतरी ऑपरेशने होतात आणि प्रत्येक ऑपरेशनआधी पेशंटची एका कागदावर सही घेतली जाते. त्या कागदात काय लिहिले आहे, हे सही करणाऱ्या अनेकांना वाचता येत नाही. बहुतेक ठिकाणी तो इंग्रजीत असतो, काही ठिकाणी कन्नडमध्ये. तो वाचून दाखवला जात नाही आणि समजावूनही सांगितला जात नाही. 'इथे सही करा' एवढेच सांगितले जाते. पेशंट घाबरलेला, नातेवाईक गोंधळलेले, आत भूलतज्ज्ञ खोळंबलेले. अशा वेळी कोण विचारणार, आणि विचारले तर कोण उत्तर देणार? वर्षानुवर्षे हे असेच चालले आहे. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाही त्यात वावगे वाटत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

मी खानापूर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मराठी शाळेत शिकवले, पण नोकरीमुळे कन्नड शिकले, कामापुरते इंग्रजीही वाचते. त्यामुळे गावात कुणाला बेळगावला मोठ्या दवाखान्यात न्यायचे झाले की 'बाई, तुम्ही चला, तुम्हाला कागद कळतात' असे म्हणून मला बरोबर घेतात. वॉर्डाबाहेरच्या बाकांवर मी खूप बसले आहे. तिथे जे पाहिले त्याच्या आधारावर लिहिते आहे.

आधी माझ्या घरचे सांगते, म्हणजे मी हे कुठल्या पोटतिडकीने बोलते ते आपल्याला कळेल. माझ्या थोरल्या जाऊबाईंना अंगावरून फार जायचे. शहरातल्या एका दवाखान्यात दाखवले, सोनोग्राफी झाली, 'गाठ आहे, काढावी लागेल' असे सांगण्यात आले. मी तेव्हा गावात नव्हते. भावोजी आणि पुतण्या बरोबर होते. पुतण्याने सही केली, जाऊबाईंचा अंगठा घेतला. शिकलेल्या नसल्या तरी त्यांना स्वतःचे नाव लिहिता येते, आणि आपले नाव लिहायला त्यांना आवडते. पण सही मागितलीच नाही, शाईचा पॅड पुढे केला. ऑपरेशन झाले, जखम भरली, त्या घरी आल्या. मग अंगातून वाफा निघू लागल्या, रात्र रात्र झोप लागेना. उपकेंद्रातल्या सिस्टरने डिस्चार्ज कार्ड वाचले तेव्हा कळले की गाठीबरोबर गर्भपिशवी गेली होती आणि दोन्ही अंडाशयेही गेली होती.

कदाचित ते सगळे काढणे गरजेचेही असेल. मी डॉक्टर नाही, त्यावर मला बोलता येणार नाही आणि बोलायचेही नाही. त्या डॉक्टरांचे हात चांगले होते, जखम नीट भरली. पण जाऊबाई मला एकच विचारत राहिल्या: 'माझ्या पोटातलं काय काढलं, हे मलाच का नाही सांगितलं?' त्यांना मूल नको होते, वयही गेले होते. तरी ते त्यांचे होते. सांगितले असते तर त्या बहुधा हो म्हणाल्या असत्या. तो हो म्हणायचा अधिकार त्यांच्याकडून परस्पर काढून घेतला गेला, आणि घेणाऱ्यांना आपण काही घेतले असे वाटलेसुद्धा नाही.

डॉक्टर मंडळी, आपल्यापैकी अनेकांना समीरा कोहली खटला ठाऊक असेल. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरकडे गेली. तिने दुर्बिणीतून तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशये, बीजनलिका काढून टाकण्यात आल्या. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि शुद्धीवर आल्यावर स्वतः ठरवू शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीने आईची सही चालत नाही. जिवाला तातडीचा धोका नसेल तर 'तिच्या भल्यासाठीच केले', 'दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आणि त्रास वाचवला' ही सबब न्यायालयाने मानली नाही. उपचार काय आहे, कशासाठी आहे, दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढे पेशंटला कळले पाहिजे असे न्यायालयाने सांगितले. लाखात एखाद्याला होणारा दूरचा धोकाही सांगितलाच पाहिजे, असा हट्ट त्यात नाही. म्हणजे डॉक्टरांना न झेपणारे काही मागितलेले नाही.

भाषेबद्दलही कायदा गप्प नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमतीची व्याख्याच अशी आहे की माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने दिलेली असली पाहिजे. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत बायकांची जी परवड झाली, त्यावर देविका बिस्वास खटल्यात १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ऑपरेशनआधीची सगळी माहिती त्या बाईला समजणाऱ्या भाषेत सांगावी आणि तिचे मन बदलले तर मागे फिरता यावे म्हणून मध्ये तासाभराची उसंत द्यावी, असे त्यात आहे. हा एक तास आपल्या जिल्ह्यात कुणाला मिळताना मी पाहिलेला नाही.

आणि एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत आहे. मिसोप्रोस्टॉल नावाची एक गोळी आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बायका मरतात, तो रक्तस्राव ती टाळते. दवाखान्यापासून दूर, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईलाही ती देता येते. ही गोळी खेड्यात खरेच उपयोगी पडते का, याचा अभ्यास याच बेळगाव जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात झाला. १६२० बायका त्यात सहभागी झाल्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. कोणती कुणाला मिळते आहे हे घेणारीलाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्या नर्सबाईलाही. रक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते प्रसिद्ध झाले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या शेतात राबणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनी जगाला दिलेली ही देणगी आहे. मला तिचा फार अभिमान वाटतो.

हे सांगण्याचे कारण असे. संशोधनात कुणाला सामील करून घ्यायचे असेल तर ते नीतीला धरून आहे ना हे पाहणारी समिती लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माहितीपत्रक त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लागते. वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. मधेच सोडून जाण्याची मोकळीक लागते. हे नियम उगीच आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर जे प्रयोग केले, त्यांचा खटला न्यूरेंबर्गला चालला, आणि १९४७ च्या निकालात पहिले कलम लिहिले गेले ते माणसाच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे. त्यानंतरही अमेरिकेत टस्कीगी इथे गरीब काळ्या शेतमजुरांचा सिफिलिस हा गुप्तरोग उपचार न करता नुसता बघत ठेवण्याचा १९३२ पासूनचा प्रकार चालूच राहिला, थेट १९७२ पर्यंत. आपल्या देशातही २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना लस टोचण्याच्या प्रकल्पात आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या सापडल्या आणि संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. प्रत्येक नियमामागे फसवली गेलेली माणसे आहेत.

मग माझा प्रश्न असा आहे: एखादी गोळी तपासून बघायची असेल तर त्या बाईला समजेल अशा भाषेत बसून सांगायचे, आणि तिच्याच पोटातला अवयव काढायचा असेल तर अंगठा घेऊन मोकळे व्हायचे, हा फरक कशासाठी? बाई तीच, गाव तेच. संशोधनात तिला माणूस मानतो, वॉर्डात का नाही?

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली भाषेची. पन्नाशीपुढच्या बायका चौथी-सातवीपर्यंत मराठी शिकलेल्या, किंवा तेवढ्याही नाहीत. त्यांना इंग्रजी आणि कन्नड कागद सारखाच. दुभाषा म्हणून पुढे केला जातो तो वॉर्डबॉय, नाहीतर पेशंटचा दहावीतला मुलगा. त्या पोराने आईच्या गर्भपिशवीविषयी, मूळव्याधीविषयी तिच्यासमोर काय आणि कसे सांगायचे? तो लाजतो, 'काय नाही गं, छोटं ऑपरेशन आहे' म्हणतो आणि विषय संपतो. आई पण मुलासमोर काही विचारत नाही. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

दुसरी वेळेची. आठ दिवस आधी ठरलेल्या ऑपरेशनची सही ऑपरेशन थिएटरच्या दारात घेतात. अंगावर हिरवा झगा चढलेला, हातात सलाईनची सुई टोचलेली, उपाशी. त्या क्षणी कोण नाही म्हणेल?

तिसरी, बाईची सही सोडून इतर सगळ्यांची सही. नवरा, मुलगा, दीर, कधी गावचा ओळखीचा माणूस. ती शुद्धीत समोर बसलेली असते.

चौथी, कोरे कागद. एकदम सात-आठ पानांवर सह्या घेऊन ठेवायच्या, तपशील मागाहून भरायचे. यावर मला जास्त काही लिहायचे नाही. हे चूक आहे हे लिहून सांगायची वेळ यावी याचेच वाईट वाटते.

पाचवी, कागदाची प्रत देत नाहीत. मागितली तर 'कशाला, कोर्टात जायचंय?' असे विचारतात.

या पट्ट्यात ही गोष्ट आणखी गंभीर का, तेही सांगते. निपाणी, चिकोडी, अथणी भागात हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या बायका फडावर राबतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचले. आपल्याच राज्यात कलबुर्गी जिल्ह्यात लंबाणी बायकांचे असेच झाले. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गरज नसताना होणाऱ्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्व राज्यांना सांगितले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, मुकादमाच्या उचलीखाली दबलेली बाई दवाखान्यात येते तेव्हा तिला कोण समजावून सांगते? आपल्या कार्यालयाने हे कधी तपासले असेल तर तो अहवाल लोकांसमोर ठेवावा.

काही वाचक लगेच म्हणतील, हा सीमाप्रश्न आला. नाही. १९५६ पासून आमच्या तीन पिढ्या त्या प्रश्नात गेल्या, महाजन आयोग झाला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. त्यावर माझे मत आहे, पण ते या पत्रात आणणार नाही. कारण हा अन्याय फक्त मराठी माणसावर होत नाही. सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगलहून येणारी कन्नड आजीसुद्धा तोच इंग्रजी कागद हातात धरून बसलेली असते. मीच अशा कितीतरी जणींना कन्नडमध्ये वाचून दाखवले आहे, आणि त्यांच्या डोळ्यांत तीच भीती पाहिली आहे. उलट बाजूही बघा. अथणी, रायबाग भागातले कन्नड पेशंट पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जातात, सांगली-कोल्हापूरला जातात. तिथे त्यांच्यापुढे मराठी कागद येतो. त्या दवाखान्यांनीही कन्नडमध्ये समजावून सांगितले पाहिजे, हे मी तितक्याच जोराने म्हणते. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी हे पत्र वाचले तर ते त्यांनाही लागू आहे.

आपण इथे कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी बोलणारे लोक एकत्र राहतो. देव वेगळे, सण वेगळे, खाणे वेगळे, कुणाला काय पाप वाटते तेही वेगळे. कुणी रक्त घ्यायला कचरतो, कुणी अवयवदानाला, कुणाच्या घरात बाईच्या दुखण्याबद्दल पुरुषाने बोलायचेच नसते. या सगळ्यांना मान्य होईल असे नीतीचे एकच पुस्तक लिहायला बसलो तर भांडणेच होतील. पण एक नियम सगळ्यांना पटतो: माझ्या देहाला हात लावण्याआधी मला विचारा, मला समजेल असे सांगा, आणि मी नाही म्हटले तर ऐका. लिंगायत घरातल्या आजीला, मराठा शेतकऱ्याला, मुसलमान बागवानाला, दलित वस्तीतल्या पोरीला, कुणालाही विचारा, याला नाही म्हणणारा भेटणार नाही. एवढ्या पायावर आपण बाकीचे वाद शांतपणे बोलू शकतो. आणि तो पाया दवाखान्यात घालायचा नाही तर कुठे? तिथेच माणूस सगळ्यात हतबल असतो.

डॉक्टरांची बाजूही मला कळते. ओपीडीला रांग असते, एका सर्जनला दिवसात अनेक ऑपरेशने असतात, मारामारी आणि खटल्यांची भीती असते. कितीतरी पेशंट स्वतःच म्हणतात, 'तुम्हीच देव, तुम्ही कराल ते खरं.' हा विश्वास खरा आहे, त्याचा मान राखला पाहिजे. पण ज्याला काही सांगितलेच नाही त्याच्या विश्वासावर किती ओझे टाकायचे? काही बिघडले की तोच विश्वास दगड होऊन दवाखान्याच्या काचेवर येतो. ज्या डॉक्टरांनी आधी कागदावर चित्र काढून, 'हे असं आहे, हे काढणार, हे ठेवणार, हा धोका आहे' असे सांगितले, त्यांच्याकडे पेशंट दगावला तरी नातेवाईक त्यांच्याशी नीट बोलून गेलेले मी पाहिले आहेत. आपल्या शहरात असे डॉक्टर आहेत. त्यांना वेळ कसा मिळतो, हे इतरांनी त्यांना विचारावे.

जिवावर बेतले असेल तर सही शोधत बसू नका, आधी जीव वाचवा. कायदाही तेच सांगतो आणि माझेही तेच म्हणणे आहे. मी बोलते आहे ते ठरवून केलेल्या ऑपरेशनांबद्दल.

माननीय जिल्हाधिकारी महोदय, खासगी वैद्यकीय संस्थांच्या २००७ च्या राज्य कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार जिल्ह्यातल्या नोंदणी आणि तक्रार निवारण प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण आहात. त्या कायद्याला रुग्णांच्या हक्कांची सनदही जोडलेली आहे. म्हणजे पुढच्या मागण्या पुऱ्या करायला नवा कायदा लागत नाही, बंगळूरची वाट पाहावी लागत नाही.

नेहमीच्या ऑपरेशनांचे संमतीपत्र कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत छापावे. सिझेरियन, गर्भाशय, अपेंडिक्स, हर्निया, मोतीबिंदू, कुटुंबनियोजन, अँजिओप्लास्टी, गुडघा, एवढ्यांपासून सुरुवात केली तरी बहुसंख्य पेशंटांची सोय होईल. भाषा घरात बोलतो तशी असावी. 'गर्भाशयोच्छेदन' लिहू नका, 'गर्भपिशवी काढणे' लिहा. हे मराठीत उतरवून द्यायला आम्ही निवृत्त शिक्षक बिनपैशाने बसायला तयार आहोत, कन्नड शाळांतल्या आमच्या सहकाऱ्यांनीही हो म्हटले आहे. डॉक्टरांनी फक्त मजकूर तपासून द्यावा.

ठरलेल्या ऑपरेशनची सही निदान आदल्या दिवशी घ्यावी, ऑपरेशन थिएटरच्या दारात नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी किंवा त्यांच्या तुकडीतल्या डॉक्टरांनी स्वतः सांगावे, आणि कुणी, कोणत्या भाषेत, किती वाजता समजावले ते कागदावर लिहावे. सांगून झाल्यावर पेशंटला विचारावे, 'आता तुमचं काय करणार आहेत, तुम्हीच सांगा बघू.' तिने स्वतःच्या शब्दांत सांगितले तर तिला समजले. वर्गात आम्ही हेच करत होतो, याला फार तर पाच मिनिटे लागतात.

सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या बाईची सही तिचीच असावी. नवऱ्याची हवी असेल तर तिच्या सहीनंतर घ्या, तिच्या ऐवजी नको. अंगठा असेल तर साक्षीदार दवाखान्याचा नोकर नसावा आणि त्याला पेशंटची भाषा येत असावी. प्रत्येक पाळीत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कोणत्या सिस्टर हजर आहेत, त्यांची नावे वॉर्डात लावावीत. घरच्या मुलांना दुभाषी करणे बंद करावे.

कागदाची प्रत न मागता द्यावी. कोऱ्या कागदावर सही घेतल्याचे आढळले तर प्राधिकरणाने कारवाई करावी, आणि तक्रार कुठे करायची, तो पत्ता व फोन प्रत्येक दवाखान्याच्या दर्शनी भागात कन्नड, मराठी, उर्दू या तिन्ही भाषांत लिहावा. गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनांची तालुकावार, वयवार नोंद दर सहा महिन्यांनी जाहीर करावी. नावे नकोत, आकडे हवेत.

या मागण्यांवर आपल्या कार्यालयाने दवाखान्यांची, डॉक्टर संघटनांची आणि तालुक्यांतून आलेल्या पेशंटांची एकत्र बैठक बोलवावी, ही विनंती. बैठकीला मी येईन, माझ्या जाऊबाईही येणार म्हणतात. त्यांना मराठीत बोलू द्यावे आणि शेजारी कन्नड सांगणारे कुणी बसवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर तालुका